बॅटऱ्यांचा पैरा

बारा मार्च दोन हजार तीनला सकाळी पल्याडवाडीची नाव धरणाच्या मधोमध बंद पडली, कुशाबाच्या स्नेहलचा दहावीचा विज्ञानाचा पेपर हुकला, आणि चूक माझी होती.

आता हे वाक्य तुम्ही वाचलेलंच नाही. असं काही घडलेलं नाही. निदान 'चूक माझी होती' हा भाग तर मुळीच घडलेला नाही. गावात कुणालाही विचारा. तेव्हा मी पहिल्यापासून सांगतो, काही झालंच नाही अशा थाटात.

धरण झालं तेव्हा आमचं गाव पाण्याच्या अल्याड राहिलं आणि पल्याडवाडी पल्याड. रस्त्यानं वळसा सत्तावीस किलोमीटर, पाण्यातून पंचवीस मिनिटं. सरकारी योजनेतून फायबरची एक नाव मिळाली. तिला डिझेल इंजिन, सेल्फ, एक दिवा, एक भोंगा आणि एक बॅटरी. चालवायला कुशाबा. कुशाबाला पोहता येत नव्हतं, पण तो पाण्याला भीत नसे, म्हणायचा, "ते माझ्या वावरावरच तर उभंय. मीच त्याचा मालक."

दोन वर्षांत बॅटरी मेली. नव्या बॅटरीचा अर्ज तालुक्याला गेला आणि तिथंच स्थायिक झाला. तोवर कुशाबा हँडल मारून इंजिन चालू करायचा. हँडल उलटं फिरून दोनदा त्याच्या मनगटाला लागलं होतं.

मी आदेश. आयटीआयचा इलेक्ट्रिशियन, एक विषय राहिलेला. तरी गावात विजेच्या कामात माझा शब्द शेवटचा, कारण हनुमान जयंतीला बंद पडलेला लाऊडस्पीकर मी एकदा दुरुस्त केला होता. खरं म्हणजे मी तो फक्त उचलला आणि तो आपोआप सुरू झाला. पण उचलला मीच होता.

नाव समितीचा अध्यक्ष हौशीराम. ह्याचे बैल तालुक्यातल्या शर्यतीच्या प्रत्येक घाटात पळतात, आणि जगातली कुठलीही अडचण तो बैलगाड्याच्या शर्यतीतून बघतो. त्याच्या थोरल्या मुलीचं लग्न जमवताना त्यानं मुलाकडच्यांना "पळतो कसा?" असं विचारलं होतं. समितीची बैठक देवळाच्या पायऱ्यांवर बसली, तेव्हा तो म्हणाला, "नवी बॅटरी यायची तवा यील. तवर आपुन पैरा करू."

पैरा म्हणजे काय, हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही कळतं. एकाचा एक बैल चांगला, दुसऱ्याचा एक चांगला. एकट्याचं काही होत नाही. मग दोन-तीन मालक आपापले बैल एकत्र आणून एकाच गाड्याला जुंपतात आणि माईकवरून सगळ्यांची नावं पुकारली जातात. नवखा बैल असला तर त्याला म्हाताऱ्या, मुरलेल्या बैलाशेजारी जुंपायचं. म्हातारा त्याला वळण लावतो.

"माझ्या ट्रॅक्टरची बॅटरी घ्या," हौशीराम म्हणाला. "म्हातारीय, पण मुरल्याली."

दूध संकलनवाला सोमाजी ऐकून घेणाऱ्यातला नव्हता. "माझ्याकडं पांढरी हाय. सीलबंद. भंगाराच्या लिलावात घेतली. काय देखणीय राव!"

मग सरपंच सारजाबाईंनी पदर सावरला. "आमच्या इन्व्हर्टरची घ्या. तुमच्या दोन्हीच्या दुप्पट उंच हाय. गावाचं काम असताना सरपंचाची बॅटरी न्हाई, असं व्हनार न्हाई."

सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. "जमंल का रं, आदेश?"

मला म्हणायचं होतं, विचारून सांगतो. पण पायऱ्यांवर चाळीस माणसं होती. मी म्हणालो, "त्यात काय? प्लसला प्लस, मायनसला मायनस."

तरी मी विचारायला गेलो, हे माझ्या बाजूनं लिहून ठेवतो. जुन्नरला चांदभाईंचं बॅटरीचं दुकान आहे. तिथली फरशी ॲसिडनं खाल्लेली आणि चांदभाईंच्या पायजम्याला इतकी भोकं, की हवा खेळती राहते. मी तिन्ही बॅटऱ्यांची नावं सांगितली. त्यांनी हातातली पक्कड खाली ठेवली.

"तिन्ही एका तारेवर?"

"पैरा आहे, चांदभाई."

"अरे बाबा, बैल हाय का ते? ट्रॅक्टरची ओली, पांढरी सीलबंद, तिसरी इन्व्हर्टरची. तिघींची भूक येगळी. एका ताटात बसवली, की एक उपाशी ऱ्हाते आणि दुसरीला अजीर्ण व्हतं. आणि त्यात एखादी आतून मेलेली निघाली ना, तर बाकीच्या दोघी रात्रभर तिलाच पाजत बसतात. सकाळी तिघी रिकाम्या. नको जोडू, आदेश. एकच चांगली बघून लाव."

"आणि जोडल्याच तर?"

चांदभाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "तर नावेत वल्हं ठेव."

परत येताना जीपमध्ये मी ठरवलं, की हौशीरामला सांगायचं. पण उतरलो तर नावेच्या धक्क्यावर मांडव घातलेला. तिन्ही बॅटऱ्या पाटावर बसवलेल्या, प्रत्येकीवर रंगानं मालकाचं नाव, हळद-कुंकू, गोंडे. पांढरीच्या अंगावर तर भंडारा टाकून तिची पिवळी केली होती. मांडवाचा एक खांब कमी पडला म्हणून नावेतलं एक वल्हं उभं केलेलं. आणि माईकवर हौशीराम पुकारत होता, "आनि आता जोडनीसाठी येत्यात आपले आदेशशेठ!"

शेठ म्हटल्यावर माणूस काय करणार? मी जोडल्या.

इंजिन एका टिचकीत सुरू झालं. दिवा इतका प्रखर लागला, की पल्याडवाडीची कुत्री पाण्याकडं तोंड करून भुंकायला लागली. मला नारळ मिळाला. मी छोटं भाषण केलं. त्यात म्हणालो, की सेल्फ असताना हँडल म्हणजे विज्ञानाचा अपमान आहे, आणि हँडल काढून घरी घेऊन गेलो. भाषणाच्या शेवटी कुशाबाला म्हणालो, "आबा, तुमचं काम फक्त एकच. दर आठवड्याला बॅटऱ्यांना पाणी घालायचं."

कुशाबानं दोन्ही हात जोडून मान डोलावली. दुसऱ्याच दिवशी त्यानं बॅटरीच्या पाण्याचा पाच लिटरचा कॅन आणला आणि तो घरात देव्हाऱ्याखाली ठेवला, पोरांनी चुकून पिऊ नये म्हणून.

दोन आठवडे नाव अशी पळाली, की मला चांदभाईंची कीव यायला लागली.

बारा मार्चला सकाळी नऊ वाजता पल्याडवाडीहून नाव निघाली. नावेत आम्ही चौघं: कुशाबा, त्याची लेक स्नेहल, सोमाजी आपले दुधाचे पाच कॅन घेऊन, आणि मी. मला कुठं जायचं नव्हतं. बॅटऱ्या जोडल्यापासून मी रोज एक-दोन फेऱ्या उगाच मारायचो. स्नेहल पल्याडवाडीतली दहावीला बसलेली पहिली पोरगी. पेपर अकराला. अल्याडच्या काठावर जीप उभी असायची; डिंगोऱ्याच्या रस्त्यानं केंद्रावर पोचायला पाऊण तास.

सेल्फ मारल्यावर इंजिन दोनदा कण्हलं आणि मग सुरू झालं.

"आज आवाज येगळा वाटतोय रं," कुशाबा म्हणाला.

"थंडीमुळं, आबा."

मार्च महिना होता. सोमाजी बनियनवर बसला होता.

स्नेहलच्या मांडीवर पुस्तक होतं. तिनं एका चित्रावर बोट ठेवून विचारलं, "दादा, घट समांतर जोडायचे तर सगळे एकसारखेच का लागत्यात?"

"ते परीक्षेला येत नाही," मी म्हणालो.

पुस्तकातून नजर उचलून तिनं इंजिनाशेजारच्या तिन्ही बॅटऱ्यांकडं पाहिलं, आणि मग माझ्याकडं. मी टेपचा आवाज वाढवला. हो, मी टेपही जोडला होता.

मधोमध आलो आणि पंख्यात कुणाचं तरी मासे धरायचं जाळं गुंतलं. हे महिन्यातून दोनदा व्हायचं. कुशाबानं इंजिन बंद केलं, ओणवा होऊन विळ्यानं जाळं कापलं. तीन मिनिटांचं काम. मग परत येऊन त्यानं सेल्फ मारला.

टक्.

पुन्हा मारला. टक्.

"हँडल घ्या," सोमाजी म्हणाला.

हँडल माझ्या घरी होतं. आई त्यानं लसूण ठेचायची.

"वल्ही?"

एक होतं. दुसरं मांडवात होतं, आणि मांडव अजून सोडलेला नव्हता. एका वल्ह्यानं नाव गोल फिरते, हे मला त्या दिवशी कळलं. कुशाबाला आधीच माहीत होतं. त्यानं वल्हं एका बाजूला मला दिलं आणि दुसऱ्या बाजूला स्वतः दुधाच्या कॅनचं झाकण घेऊन बसला. थोड्या वेळानं सोमाजीनं दुसरं झाकण घेतलं. मग स्नेहलनं पुस्तक पिशवीत घातलं, गणवेशाच्या बाह्या वर सारल्या आणि तिसरं झाकण घेतलं.

दोन तास फक्त झाकणांचा आवाज. मधेच एकदा कुशाबानं विचारलं, "किती वाजलं?" आणि लगेच म्हणाला, "नगं, नगं सांगू."

काठाला लागलो तेव्हा सव्वाअकरा होऊन गेले होते. केंद्रावर बारा वाजता पोचलो. अर्ध्या तासानंतर आत घेत नाहीत, हा नियम. फाटकावरच्या शिपायापुढं कुशाबानं डोक्यावरची टोपी काढली. शिपाई बिचारा म्हणाला, "आबा, माझ्या हातात असतं तर मीच तिचा हात धरून बाकावर बसवली असती."

स्नेहल घरी यायला तयार होईना. फाटकासमोरच्या लिंबाखाली ती दोन वाजेपर्यंत उभी राहिली, बाह्या अजून कोपरापर्यंत वर सारलेल्या. पेपर सुटल्यावर तिनं मैत्रिणीकडून प्रश्नपत्रिका मागून घेतली आणि तिथंच उभ्यानं पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली. मग घडी घालून म्हणाली, "सगळं येत व्हतं."

संध्याकाळी देवळाच्या पायऱ्यांवर समिती बसली. त्याआधी मी एकटा नावेत जाऊन आलो होतो. पांढरी बॅटरी तव्यावरच्या भाकरीसारखी फुगली होती. मीटर लावून बघितलं; आतून मेलेली. बाकीच्या दोघी तिला पाजून पाजून रिकाम्या. चांदभाईंचं एकेक अक्षर खरं.

पायऱ्यांवर शंभरेक माणसं. हौशीराम, सोमाजी, सारजाबाई असे तिन्ही मालक पुढं बसलेले, आणि तिघांचीही तोंडं अशी, की आपल्या बॅटरीला कुणी बोल लावतोय का ते बघू.

इथं आमच्याकडची एक रीत सांगायला हवी. पैऱ्यात गाडा हरला, तर कुणाच्याही बैलाला नाव ठेवत नाहीत. ठेवलं तर पुन्हा कुणी पैऱ्याला बैल देणार नाही. बोल लावायचा तो हाकणाऱ्याला.

हौशीरामनं विचारलं, "आदेश, तू जानकार. चूक कुनाची?"

मी तोंड उघडलं. 'माझी' एवढा एकच शब्द होता. दोन अक्षरं. शंभर माणसं बघत होती, त्यातल्या चाळिसांनी मला शेठ होताना पाहिलं होतं. मी म्हणालो, "पाणी कमी पडलं असणार."

सगळ्या माना एकदम कुशाबाकडं वळल्या.

कुशाबा खांबाला टेकून बसला होता. तो उठून उभा राहिला. म्हणाला, "व्हय. माझंच चुकलं. दोघींना घातलं मी पानी, पांढरीला ऱ्हायलं. लई हुडकलं, पर तिला तोंडच सापडलं न्हाई. कुनाला इचारावं, तर लाज वाटली. एवढं एकच काम दिलं व्हतं मला."

पांढरीला तोंड नसतंच. सीलबंद बॅटरीला पाणी घालायचं नसतं, घालताही येत नाही. हे त्या पायऱ्यांवर फक्त मला ठाऊक होतं. सांगायला चार सेकंद पुरले असते. मी सोमाजीच्या चपलेकडं बघत राहिलो. तिचा अंगठा शिवलेला होता, आणि शिवण लाल दोऱ्याची होती. चार सेकंद गेले.

सारजाबाईंनी वहीत लिहून घेतलं: नाविकाच्या हयगयीने. कुशाबानं अंगठा दिला.

दुसऱ्या दिवसापासून त्यानं नाव सोडली. कुणी काढलं नाही, त्यानंच सोडली. आणि आता पुढचं ऐका. नवा चालक म्हणून एकमतानं मला नेमलं.

मी काय केलं, तर गुपचूप ट्रॅक्टरची बॅटरी चार्ज करून ती एकटीच तारेला ठेवली आणि बाकीच्या दोघींच्या तारा आतून सोडवल्या. मालकांना वाईट वाटू नये म्हणून तिन्ही जागच्या जागी, नावं आणि गोंड्यांसकट. हँडल आईकडून परत आणलं. नाव दोन वर्षं एकदाही बंद पडली नाही. दर खंडेनवमीला तिन्ही बॅटऱ्यांची पूजा होते. त्यातल्या दोन वारलेल्या आहेत.

आणि नाव बंद पडत नाही, हाच कुशाबाविरुद्धचा पुरावा झाला. "बगा," लोक म्हणायचे, "आदेशच्या हाती गेल्यापास्नं हाय का काय तक्रार?" मी जितकी नीट नाव चालवावी, तितका कुशाबा जास्त चुकीचा ठरायचा. तो बिचारा स्वतःही मान डोलवायचा.

त्यानं एक नेम धरला. बॅटरीच्या पाण्याचा कॅन आणि एक छोटी किटली घेऊन तो निघायचा आणि दिसेल त्या बॅटरीला पाणी घालायचा. फुकट. ट्रॅक्टर, जीप, घाटातल्या शर्यतीत माईकवाल्याची बॅटरी. धक्क्यावर पाहुण्याची गाडी दिसली, की हा काचेवर टकटक करायचा, "पावनं, जरा झाकन उगडा." लोकांना आधी मौज वाटायची, मग सवय झाली. पल्याडवाडी ते डिंगोरे, एकाही बॅटरीची पातळी कमी नव्हती. फक्त माझ्याशी बोलताना तो खाली बघायचा. मीही खाली बघायचो. आम्ही दोघं एकमेकांचे पाय चांगले ओळखतो.

दर सोमवारी तो नावेत यायचा. ट्रॅक्टरच्या बॅटरीला पाणी, इन्व्हर्टरच्या बॅटरीला पाणी. मग पांढरीपाशी थबकायचा. तोंड नाहीच. मग किटली कलती करून, पिंडीवर घालतात तसं तिच्या डोक्यावरून थोडं पाणी सोडायचा आणि फडक्यानं पुसून घ्यायचा.

स्नेहलनं ऑक्टोबरला विज्ञान काढलं, पासष्ट मार्क. पुढं जुन्नरला अकरावीला गेली. दोन हजार पाचच्या जुलैत एकदा नावेत ती एकटीच होती. मी इंजिनाच्या आवाजाचा आडोसा घेऊन म्हणालो, "स्नेहल, तुझ्या पेपरचं… ती चूक आबांची नव्हती."

"म्हाईतेय," ती म्हणाली.

"कधीपासून?"

"नावेतच कळलं व्हतं. तू टेपचा आवाज वाढवलास तवा."

मला इंजिन बंद करून पाण्यात उतरावंसं वाटलं. पण मलाही पोहता येत नाही.

"मग आबांना का नाही सांगितलंस?"

"सांगितलं की. पाच वेळा. त्याला वाटतं, लेक समजूत घालती. त्या दिवशी शंभर मानसांत तू बोलला व्हतास, दादा. तूच सांग." मग म्हणाली, "दोन वर्सं बगते मी, तुला कधी जमतंय."

पुढच्याच सोमवारी कुशाबा किटली घेऊन आला, तेव्हा मी त्याचा हात धरला. सगळं सांगितलं. चांदभाई, ताट, अजीर्ण, आतून मेलेली पांढरी, चार सेकंद. "आबा, ह्या बॅटरीला तोंड नसतंच. पाणी घालायचंच नसतं. चूक माझी होती. स्नेहलचा पेपर मी घालवला."

कुशाबानं पूर्ण ऐकून घेतलं. मग दोन वर्षांत पहिल्यांदा त्यानं माझ्या पायांवरून नजर वर आणली. त्याचे डोळे भरले होते.

"पोरा," तो म्हणाला, "लई मोठं मन हाय तुझं. म्हाताऱ्याचा भार हलका व्हावा म्हनून सोताच्या डोक्यावर घेतूयास. पर मी काय येडाय का? बॅटरी म्हनल्यावर पानी आलंच." आणि त्यानं पांढरीच्या डोक्यावर पाणी सोडलं.

ते तिथंच राहिलं असतं तरी चाललं असतं. पण कुशाबानं कौतुकानं ते गावभर सांगितलं. पंधरा ऑगस्टला झेंडावंदनानंतर माझा सत्कार झाला. शाल, नारळ, आणि हौशीरामचं भाषण: "दुसऱ्याचा दोष अंगावर घेनारी पोरं आता ऱ्हायली न्हाईत. घाटात बी न्हाईत!" मी माईक ओढून घेतला आणि ओरडलो, की मी खरंच सांगतोय. टाळ्या थांबेनात. सारजाबाईंनी डोळे टिपले. मी जुन्नरहून चांदभाईंना साक्षीला आणलं. त्यांनी सगळं शास्त्र समजावलं. सोमाजी म्हणाला, "चांदभाई बी देवमानूस. पोराच्या शब्दाखातर एवढ्या लांब आला."

मग मला अक्कल सुचली, की करूनच दाखवावं. नोव्हेंबरात एका संध्याकाळी मी तिन्ही बॅटऱ्या पुन्हा एका तारेवर जोडल्या, हँडल काठावर ठेवलं आणि सकाळी समितीला नावेत बसवलं. वल्ही दोन घेतली. मी अगदीच गाढव नाही. हौशीराम, सोमाजी, सारजाबाई, आणि सोबत स्नेहल. इंजिन कण्हत कण्हत सुरू झालं. मधोमध नेऊन मी ते बंद केलं आणि म्हणालो, "आता बघा. पाणी काठोकाठ आहे. तरी सुरू होणार नाही."

टक्.

मी सगळ्यांकडं विजयानं पाहिलं. आयुष्यात नाव बंद पडल्याचा इतका आनंद कुणाला झाला नसेल.

हौशीराम दाढी खाजवत म्हणाला, "सोमवारी कुशाबा आल्ता का रं?"

"न्हाई," सोमाजी म्हणाला. "पेठला साडूच्या पोरीच्या लग्नाला गेल्ता न्हवं का!"

"मंग!" हौशीराम म्हणाला. "एक आठवडा चुकला, आन् बघा."

"अहो, झाकण उघडून बघा! पाणी आहे!" मी ओरडलो.

"पांढरीला कुठं घातलंय?" सारजाबाई म्हणाल्या.

स्नेहलनं वल्हं उचललं.

लग्नाहून आल्यावर कुशाबाला हे कळलं. त्या दिवसापासून तो एका रात्रीसाठीही गाव सोडत नाही. पुढच्या जूनमध्ये स्नेहल डी.एड.ला लागली. वाडीतली पोरगी पहिल्यांदाच शिकायला जिल्ह्याबाहेर चालली होती. सगळी वाडी तिला धक्क्यापर्यंत सोडायला आली. बाप म्हणून कुशाबानं एस.टी.त बसून तिच्यासोबत जायचं, वसतिगृह बघायचं, मास्तरांच्या पाया पडायचं, हे ती पहिलीत असल्यापासून ठरलेलं. तो नावेतच थांबला. सोमवार होता. तिच्या ट्रंकेची कडी मी धरली आणि एस.टी.पर्यंत मी नेली. वाटेत ती एवढंच म्हणाली, "तुला जमलं, दादा. पर लई उशिरा. अर्ध्या तासानंतर आत घेत न्हाईत."

धक्क्यावर परतलो तेव्हा कुशाबा फडक्यानं पांढरी पुसत होता. "बसली का रं बाय नीट?" त्यानं विचारलं. मी हो म्हणालो. त्यानं माझ्या पाठीवर हात ठेवला. त्याला वाटतं, मी देवमाणूस आहे. सगळ्या गावाला वाटतं. ह्याच्यावर इलाज मला एकच दिसला आणि तो मी रीतसर केला. त्याची नक्कल खाली जोडतो.

प्रति,
मा. तलाठी साहेब, सजा पल्याडवाडी.

विषय: चुकीचा फेरफार करणेबाबत.

महोदय,

मौजे पल्याडवाडी येथील दिनांक १२ मार्च २००३ रोजीची चूक आजमितीस श्री. कुशाबा रखमाजी यांचे नावे लागलेली आहे. सदर चूक मूळची माझ्या मालकीची व वहिवाटीची असून, ती त्यांनी माझ्याकडून खरेदी केलेली नाही, बक्षीस म्हणूनही घेतलेली नाही. ती शंभर माणसांसमक्ष, त्यांच्या अजाणतेपणी, मी त्यांच्या नावावर चढवली आहे. तरी श्री. कुशाबा यांचे नाव कमी करून सदर चूक संपूर्ण क्षेत्रासह, पोटहिस्सा न पाडता, माझे नावे लावण्यात यावी व तसा उतारा त्यांचे हाती द्यावा, म्हणजे ते एका दिवसासाठी का होईना लेकीला भेटायला जातील. याकामी हरकत मागविल्यास फक्त श्री. कुशाबा यांचीच हरकत येईल व ती अत्यंत प्रेमाची असेल. ती फेटाळण्यात यावी, ही नम्र विनंती.